टाकाऊतून टिकाऊ : एका घोषणेविरुद्ध

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात 'टाकाऊतून टिकाऊ' ही स्पर्धा झाली. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत या किनाऱ्यावरच्या शाळा-महाविद्यालयांत ती वर्षाआड तरी कुठे ना कुठे होतेच. बाटल्यांच्या फुलदाण्या, चहाच्या पेल्यांची झुंबरे, जुन्या सीडींचे मोर, आइस्क्रीमच्या काड्यांची घरे असा नेहमीचाच सरंजाम होता. मराठी विभागातले आम्ही तिघे परीक्षक होतो. भाषा शिकवणाऱ्यांना कलेतलेही कळते असा एक समज सर्वत्र असतो, त्याचा हा परिणाम. प्रथम वर्षाच्या एका मुलीने शीतपेयाच्या आठ बाटल्यांची टांगती बाग केली होती. कल्पना जुनीच, पण हात सफाईचा होता. बाटल्या कुठून जमवल्या, असे आम्ही सहज विचारले. मुलगी खाडीकाठच्या गावातली. घरी मासेमारी आणि थोडी भातशेती. ती म्हणाली, "सर, आमच्या घरी टाकाऊ काही नव्हतंच. म्हणून दुकानातून भरलेल्या बाटल्या विकत आणल्या."

आम्ही हसलो. तिला दुसरे बक्षीस दिले. ते बक्षीस म्हणजे सोनेरी मुलामा दिलेले प्लॅस्टिकचे स्मृतिचिन्ह, पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले. तिचे उत्तर आम्हांला घरी गेल्यावर कळले. ज्या घरात कचराच होत नव्हता, त्या घरात पर्यावरणाच्या नावाने आम्ही कचरा विकत आणायला लावला होता. आणि तिने तो नीटनेटका मांडला म्हणून तिला आणखी थोडा कचरा बक्षीस दिला होता.

हा लेख त्या उत्तराला दिलेले उशिराचे उत्तर आहे. 'टाकाऊतून टिकाऊ' ही घोषणा निरुपद्रवी आहे असे आम्हांला आता वाटत नाही. ती चुकीचे शिकवते, आणि ती शिकवणाऱ्यांत आम्ही, म्हणजे भाषा-साहित्याचे अध्यापक, आघाडीवर आहोत.

१

घोषणेचा पहिला शब्द पाहावा. काहीतरी टाकाऊ झालेले आहेच, हे ती गृहीत धरून चालते. ते घरात आले का, आले तर इतक्या लवकर निकामी का झाले, असले प्रश्न तिच्या आरंभबिंदूच्या अलीकडे राहतात, म्हणून ती ते विचारत नाही. उलट वस्तू घेणाऱ्याला ती आधीच माफी देऊन ठेवते : घ्या, वापरा, रिकामे करा, पुढे आपण त्याची फुलदाणी करू. ही फुलदाणी उन्हात टांगली की काही महिन्यांत ठिसूळ होते, तिचे तुकडे पडतात, आणि बाटलीच्या रूपात निदान भंगारवाल्याने जी उचलली असती ती वस्तू रंग, डिंक आणि चमकी लागल्याने त्याच्याही कामाची राहत नाही. टाकाऊचे टिकाऊ झालेच नाही. टाकण्याचा मुहूर्त तेवढा पुढे गेला.

पदवीस्तरावर पर्यावरणाचा अभ्यास सक्तीचा व्हावा, हा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिला. पुढे विद्यापीठांतून तो विषय आला, त्याचे प्रकल्पही आले. आमच्या कपाटात असे कित्येक प्रकल्प आहेत. विषय 'प्लॅस्टिक : एक समस्या', वर पारदर्शक प्लॅस्टिकचे वेष्टन, कण्याला प्लॅस्टिकचे वळसे, आत एका बाजूने छापलेली चाळीस पाने, त्यांतली तीस सगळ्यांची सारखी. मुलांना हसण्यात अर्थ नाही. तसे वेष्टन हवे, ही अट आम्हीच सूचनाफलकावर लावलेली असते.

आणि आमचे स्वतःचे काय? २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन येतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून त्याला आणखी भर आला आहे. या दिवशी व्यासपीठामागे आठ बाय बाराचा फ्लेक्स लागतो. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेले कापड. त्याचा पुनर्वापर अवघड, आणि जाळले तर विषारी वायू. त्यावर तारीख आणि वर्ष छापलेले असल्याने तो दुसऱ्या दिवशीच निरुपयोगी होतो. व्यासपीठावर प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, सभागृहात खोकीच्या खोकी. मागे एका चर्चासत्रानंतर आम्ही मागे राहून आवराआवर पाहिली. चार पोती बाटल्या निघाल्या, आणि बहुतेक बाटल्यांत पाणी शिल्लक होते. या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही पेणच्या खारेपाटात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहतात. त्या गावांतून आमच्याकडे विद्यार्थी येतात. आपल्या आया पाण्यासाठी हंडे घेऊन उभ्या असताना अर्धवट प्यालेल्या बाटल्या पोत्यांत भरण्याचे काम स्वयंसेवक म्हणून त्यांनाच करावे लागले होते.

त्या वर्षीचा आमचा फलक नंतर पावसाळ्याच्या तोंडावर एका घरामागे सरपणाच्या ढिगावर पसरलेला दिसला. त्याच्या आयुष्यातला तेवढाच काळ सार्थकी लागला असे आम्ही मानतो.

२

'टाकणे' हे आपल्या भाषेतले मोठे कामसू क्रियापद आहे. आपण पाऊल टाकतो, दुकान टाकतो, कुणावर विश्वास टाकतो, काम करून टाकतो. नवऱ्याने सोडलेल्या बाईला 'टाकलेली' म्हणण्याचा निर्दयपणाही याच क्रियापदाच्या खाती आहे. पण वस्तूंच्या बाबतीत मराठी संसाराचे मुख्य क्रियापद 'टाकणे' हे नव्हते. 'पुरवणे' हे होते. पुरवून पुरवून वापरणे, आहे त्यात भागवणे, जपून ठेवणे, डागडुजी करणे ही त्याची गोतावळ. आमच्या वर्गात 'लुगड्याला दंड घातला' असे वाक्य आले की विद्यार्थी थांबतात. दंड म्हणजे शिक्षा एवढेच त्यांना ठाऊक असते. लुगडे किंवा धोतर मधोमध झिजले की झिजलेला भाग कापून काढायचा आणि धड राहिलेले दोन तुकडे एकमेकांना जोडून शिवायचे, याला दंड घालणे म्हणत. त्यानंतरही ते फाटले की त्याची गोधडी, गोधडीची लक्तरे झाली की पोतेरे. भांड्याला कल्हई, घागरीला डाग, पाट्या-वरवंट्याला टाकी, कोटाला रफू. दारावर येणारी बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी देई, आणि तिच्याशी घासाघीस करताना घरातली बाई प्रत्येक कपड्यात अजून किती आयुष्य शिल्लक आहे याचा हिशेब मांडी.

अन्नाच्या बाबतीत तर मराठी फार काटेकोर आहे. उरलेले, शिळे, उष्टे आणि खरकटे हे चार शब्द चार निरनिराळ्या गोष्टी सांगतात. उरलेले म्हणजे पानात न वाढलेले. ते संध्याकाळी खायचे. शिळे म्हणजे रात्र गेलेले. त्याचा फोडणीचा भात, त्याचा कुस्करा. उष्टे म्हणजे तोंड लागलेले. खरकटे म्हणजे भांड्याला चिकटलेले; ते गुराच्या नाहीतर कोंबड्यांच्या वाट्याचे. आज या चारींची रवानगी एकाच हिरव्या डब्यात होते आणि तिथे त्यांना एकच नाव मिळते : ओला कचरा. चार शब्दांचा एक शब्द झाला तेव्हा प्रत्येक शब्दाबरोबर येणारी पुढची कृतीही गेली. शब्दसंग्रह आटला असे आपण वाङ्मयीन दुःखाने म्हणतो. इथे तो आटल्याने घंटागाडी जड झाली आहे.

आमच्या किनाऱ्याची उदाहरणे अजून डोळ्यांसमोर आहेत. वाडीतल्या नारळाचे काय वाया जाई? झापांनी पडवी शाकारायची, हिरांचा खराटा करायचा, सोडण चुलीत घालायचे नाहीतर भांडी घासायला घ्यायचे, करवंटीचा डाव, काथ्याचे सुंभ. अलिबागचा पांढरा कांदा आजही माळेत विकला जातो. त्याची पातच वेणीसारखी गुंफतात. वेष्टन, दोरी आणि टांगायची सोय या तिन्ही गोष्टी कांदा शेतातून स्वतःबरोबर घेऊन येतो. पावसाळ्याच्या तोंडावर घरात जे भरून ठेवायचे त्याला आगरी-कोळी बोलीत आगोट म्हणतात : तांदूळ, मीठ, मसाला, सरपण, सुके बोंबील, जवळा. जून-जुलैत मासेमारी बंद. त्या दिवसांसाठी उन्हात मासळी वाळवायची, आणि किती वाळवायची याचा अंदाज घरातल्या बायांना असायचा. अंदाज चुकला तर सोसावे लागे, म्हणून तो सहसा चुकत नसे. आगोट म्हणजे साठेबाजी नव्हे. किती पुरे होईल हे आधी ठरवण्याची ती रीत आहे. आज आपण ज्याला मोठ्या शब्दांत शाश्वत जीवनशैली म्हणतो, तिचे सारे व्याकरण या 'किती पुरे' मध्ये आहे.

३

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की आता आम्ही जुन्या कोकणाच्या आठवणींत रमणार : शेणाने सारवलेले अंगण, केळीचे पान, सगळे कसे निसर्गाला धरून. हा मोह आम्हांला झाला होता. आमच्या शिकवण्यातल्याच काही पुस्तकांनी तो मोडला.

एकदा वापरून फेकून देण्याची रीत आपल्याकडे बाहेरून आली, असे सांगितले जाते. मग पत्रावळ काय होती? द्रोण काय होता? ती पाने कुजून माती होत हे खरे, पण ती एकदाच वापरायची याचे कारण माती नव्हते. उष्ट्याचा विटाळ हे होते. आणि त्या उष्ट्या पत्रावळी कोण उचलत होते, त्यांत उरलेल्या अन्नावर कोणाचा 'हक्क' होता, हे दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) पासून बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) पर्यंतची आत्मकथने वाचल्यावर विसरता येत नाही. वाया काही जात नव्हते, कारण वाया जाणारे खाण्यासाठी माणसे नेमून दिलेली होती.

या अन्नाला नकार देण्याची हाक याच जिल्ह्यातून उठली. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याच्या पाण्याची आठवण आपण योग्यच ठेवतो. पण त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावरांचे मांस आणि टाकून दिलेले तुकडे खाणे सोडा, असेही आपल्या लोकांना बजावले होते. जो समाज शतकानुशतके इतरांनी टाकलेल्यावर जगवला गेला, त्याला काटकसरीचे पाठ देण्याचा अधिकार आम्हांला नाही. नवे कोरे कापड अंगावर घालणे, ताटात ताजे अन्न असणे हा तिथे माज नसून प्रतिष्ठा होती, आणि आहे.

बायकांचेही तेच. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' च्या आरंभी वडिलांच्या सोवळ्याने सगळे घर कसे हैराण झाले होते ते पुन्हा वाचावे. त्या शुद्धतेला किती पाणी लागत असेल आणि ते पाणी कोणी ओढले असेल याचा हिशेब करावा. पुरवून वापरण्याचे जे कौतुक आम्ही वर केले, त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द बाईच्या पाठीवरून आलेला आहे. गोधडी तिने शिवली, मासळी तिने वाळवली, खरकटे तिने काढले. दुधाची पिशवी, तयार पीठ, कागदी पेला यांनी तिचा जो वेळ वाचवला तो खरा आहे. म्हणून 'पूर्वी किती छान होते' या सुराचे आमच्याकडे काम नाही. तो सूर लावणाऱ्याने पूर्वी घरात कोणते काम केले होते, एवढे विचारले तरी तो पुष्कळदा बसतो.

साधेपणाचा दुसरा धोका त्याला संतपद देण्याचा. विनोबा याच जिल्ह्यातले, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. त्यांच्या जयंतीला त्यांच्या साधेपणावर आम्ही भाषणे करतो. साधेपणा हा विनोबांसारख्यांनाच जमणारा गुण ठरवला की तो आपल्या गळ्यातून आपोआप उतरतो. आम्हांला असा साधेपणा हवा आहे जो चाळिशी ओलांडलेल्या, कर्जाचे हप्ते भरणाऱ्या, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या अध्यापकाला मंगळवारी दुपारी जमेल.

४

म्हणून आम्ही आधी आमच्या विभागापुरते काही ठरवले. कार्यक्रमाला बाटल्या आणायच्या नाहीत. स्टीलची दोन पिंपे आणि शंभर पेले. पेले आले त्या दिवशी आमच्या शिपाई मावशींनी एकच प्रश्न केला : "घासायचे कोणी?"

आमच्या मते या सगळ्या चर्चेतला हाच खरा प्रश्न आहे, आणि पर्यावरणावरच्या भाषणांत तो क्वचित ऐकू येतो. टाकणे सोपे असते, कारण त्यात पुढचे काम दिसेनासे होते. ते संपत मात्र नाही. बाटली फेकली तर ती पोत्यात कोणीतरी भरते, पोते कोणीतरी उचलते, कचराभूमीवर कोणीतरी ते उपसते. पेला ठेवला तर तो आपल्याच आवारात कोणीतरी घासते. आपल्या चांगुलपणाचा भार मावशींच्या हातावर टाकून आम्ही पर्यावरणवादी होणार असू, तर ती महाडच्या आधीचीच व्यवस्था झाली. तेव्हा नियम असा केला की ज्याने पेला वापरला त्याने तो घासायचा. विद्यार्थी, अध्यापक, विभागप्रमुख सगळ्यांनी. पाहुण्यांचा पेला आमच्यापैकी कोणीतरी घासतो. पहिल्या कार्यक्रमात नळापाशी रांग लागली, दोन प्राध्यापक तहानलेले घरी गेले, आणि एका वक्त्याला पेल्यातले पाणी 'कुठले' आहे ते तीनदा सांगावे लागले. तिसऱ्या कार्यक्रमापासून कोणी काही विचारीनासे झाले.

बाकीच्या गोष्टी अशा. विभागाचा एक कापडी फलक शिवून घेतला. त्यावर 'मराठी विभाग' एवढेच लिहिले आहे. विषय आणि तारीख शेजारच्या फळ्यावर खडूने लिहायची. त्यामुळे सुंदर अक्षराच्या मुलांना बऱ्याच वर्षांनी मागणी आली. सत्काराला शाल, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह बंद. इथल्याच वाडीतला नारळ आणि एक पुस्तक. प्रत्येक प्राध्यापकाच्या कपाटात न वापरलेल्या शालींची चळत असते, हे आम्ही परस्परांना कबूल केल्यावर हा ठराव चटकन संमत झाला. गृहपाठ आणि प्रकल्प पाठकोऱ्या कागदावर किंवा दोन्ही बाजूंनी लिहिलेले, दोऱ्याने शिवलेले. 'पाठकोरा' हा शब्द मुलांना शिकवावा लागला. शब्द आला तशी वस्तूही सापडू लागली. कार्यालयातल्या एका बाजूने छापलेल्या जुन्या परिपत्रकांचे गठ्ठे विभागाला वर्षभर पुरले. चर्चासत्राच्या जेवणात माणसे आधी मोजायची, पहिल्या वाढपात अर्धेच वाढायचे, आणि उरलेले कोण घरी नेणार ते जेवण सुरू होण्याआधी विचारायचे. उरलेले म्हणजे उष्टे नव्हे, हा भेद इथे पाळावा लागतो. नेणाऱ्यांत पहिले नाव आमचे असते.

घरच्या गोष्टी याहून लहान. बाजारात मासळीला डबा नेतो. कोळणीने सांगितले की पातळ पिशव्यांचा खर्च तिच्याच पदरचा असतो, म्हणून डबेवाले गिऱ्हाईक तिला परवडते. वाडीतला पातेरा जाळायचा नाही, एका कोपऱ्यात कुजवायचा. घरातले मोडलेले दुरुस्त होते का, हे नवे घेण्याआधी एकदा तरी विचारायचे.

जमले नाही तेही सांगावे. मूल्यांकनासाठी लागणाऱ्या फायली अजून रंगीत छापाव्या लागतात, प्लॅस्टिकच्या खोळींत घालाव्या लागतात. एका कार्यक्रमात पुष्पगुच्छ नाही म्हणून एक ज्येष्ठ पाहुणे रुसले ते अजून बोलत नाहीत. आणि कचऱ्यावर चर्चा करायला आमच्यातले निम्मे जण चारचाकीतून एकेकटे येतात.

५

यावर ठरलेला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. शंभर पेल्यांनी काय होणार? खरा दोष कारखान्यांचा, कंपन्यांचा, सरकारचा, शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांचा. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला. मुंबई जवळ आली आणि तिच्याबरोबर तिच्या सुट्टीचा कचराही आला. हे सगळे खरे आहे. पण कायद्यांचा इतिहास पाहावा. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईचे नाले तुंबण्याचे खापर प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर फुटले, आणि २००६ मध्ये राज्यात ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी आली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ती पुष्कळ वाढवली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी झाली. या बंदीचा उपयोग झाला नाही असे आम्ही म्हणत नाही. पण बाजाराने काय केले? पातळ पिशवी गेली आणि कापडासारखी दिसणारी पिशवी आली. ती पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. प्लॅस्टिकचा पेला गेला आणि कागदी आला. त्याला आतून प्लॅस्टिकचा अस्तर-थर असतो. कायद्याने नाम बदलले, क्रियापद तेच राहिले. 'टाकाऊतून टिकाऊ' या घोषणेचा दोष आणि या बंदीची मर्यादा एकच आहे : दोन्ही वस्तूकडे पाहतात, टाकण्याकडे पाहत नाहीत.

कंपन्यांना जाब विचारायलाच हवा. पण काय मागायचे, हे टाकण्याची सवय लागलेल्या माणसाला आठवत नाही. आमच्या लहानपणी सोड्याची काचेची बाटली परत केल्याशिवाय दुकानदार सोडत नसे. अनामत घेई किंवा तिथेच उभे राहून पिऊन घ्यायला लावी. बाटली कंपनीकडे परत जाई, धुतली जाई, पुन्हा भरली जाई. ती व्यवस्था याच कंपन्यांच्या काळात, याच गावांत चालत होती. २०१८ च्या अधिसूचनेत प्लॅस्टिकच्या बाटल्यांसाठीही परतीच्या पैशांची तरतूद होती. आमच्या हाती ते पैसे कुठल्याही दुकानात पडलेले नाहीत. ही व्यवस्था परत आणा, असे ज्या संस्था रोज खोक्यांनी बाटल्या घेतात त्यांनी ठणकावले तर त्याला वजन येईल. संस्था म्हणजे सरकारी कार्यालये, पतपेढ्या, मंगल कार्यालये, आणि आपण. व्यक्तीची सवय आणि व्यवस्थेतला बदल यांना परस्परांविरुद्ध उभे करणे सोयीचे असते. दोन्हींतले काहीच न करण्यासाठी ते कामी येते.

समुद्रकाठी राहणाऱ्यांना तर आणखी एक गोष्ट सांगायला नको. आपण 'बाहेर' टाकतो म्हणतो, ते बाहेर कुठे असते? पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या भरतीनंतर किनाऱ्यावर जी रेघ उमटते ती पाहावी : चपला, बाटल्या, जाळ्यांचे तुकडे, औषधांची पाकिटे. खाडीतल्या तिवरांच्या फांद्यांवर पिशव्या लटकलेल्या असतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या केल्या. पडलेल्या नारळी-पोफळी कुजून गेल्या, त्या जमिनीत मिसळल्या. त्या राड्यात वाळूत गाडले गेलेले प्लॅस्टिक मात्र नवी रोपे लावताना कुदळीला लागते.

६

गेल्या वर्षी 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धा पुन्हा आली तेव्हा आम्ही प्राचार्यांकडे जाऊन ती मराठी विभागाकडे मागून घेतली आणि तिचा नियम बदलला. नवा नियम असा : घरात दहा वर्षांहून जुनी, पण आजही वापरात असलेली एक वस्तू आणा आणि तिच्यावर दोन पाने लिहा. ती कोणी घेतली, किती वेळा मोडली, कोणी दुरुस्त केली, ती सांभाळण्याचे काम घरात कोण करते.

इतके चांगले लेखन आम्हांला निबंधांच्या वहीत क्वचित मिळते. अडकित्ता आला, आजोबांची जाळे विणायची सुई आली, तीन पिढ्यांची मोरळी आली, मूठ चारदा बदललेला कोयता आला. एका मुलाने आईचे शिलाई यंत्र आणता येत नाही म्हणून त्याचा फक्त पट्टा आणला. एका मुलीने लिहिले की तिच्या घरी दहा वर्षे जुने काहीच नाही, कारण २०२० च्या वादळात सगळे गेले. तिने त्यानंतर घेतलेल्या पहिल्या पातेल्यावर लिहिले, आणि आम्ही नियम बाजूला ठेवून तिला पहिले बक्षीस दिले. बक्षीस म्हणजे एक पुस्तक, न गुंडाळलेले.

टांगत्या बागेची ती विद्यार्थिनी आता तृतीय वर्षाला, मराठीच्याच वर्गात आहे. तिने गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा आणला होता. वडिलांनी तो कापून, कडा वळवून, लाकडी मूठ ठोकून त्याचे होडीतले पाणी उपसायचे भांडे केले होते. चौदा वर्षे ते होडीत आहे. तिने लिहिले होते की पहिल्या वर्षी स्पर्धेला हेच आणायचे तिच्या मनात होते, पण ते टाकाऊ नाही म्हणून चालणार नाही असे तिला वाटले.

या लेखांतून दुरुस्तीचे आणि जपणुकीचे शब्द आमचे विद्यार्थी आता निवडून काढत आहेत : कोणत्या तालुक्यात काय म्हणतात, ते काम कोण करते, करणारा अजून कुठे भेटतो. इतर महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनीही आपापल्या भागात हे करून पाहावे, अशी आमची विनंती आहे. खर्च काही नाही. पाठकोरे कागद पुरतात.